अगाऊ अर्जाचे शास्त्र

मराठीत ‘अगाऊ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुदतीच्या आधी दिलेली रक्कम अगाऊ असते, आणि मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणारे कार्टेही अगाऊच असते. अमेरिकेतील अतिनिवडक महाविद्यालयांकडे दरवर्षी १ नोव्हेंबरच्या सुमारास जो अर्ज धाडला जातो, त्याला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. एक तर तो नेहमीच्या मुदतीच्या दोन महिने आधी जातो. शिवाय सतरा वर्षांचे जे मूल उपाहारगृहात मेनूकार्ड हाती आल्यावर वीस मिनिटे घेऊन शेवटी ‘तुम्ही मागवाल ते’ असे म्हणते, तेच मूल या अर्जात पुढची चार वर्षे कोणत्या गावी, कोणाच्या सहवासात आणि कोणत्या ध्येयासाठी घालवायची याविषयी निःसंदिग्ध मत मांडते.

जी संस्था दहा अर्जदारांमागे एकालाही धड प्रवेश देत नाही, तिला अतिनिवडक म्हणण्याचा प्रघात आहे. २०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला, म्हणजे शंभरातून जेमतेम साडेतीन. शहाणे साडेतीनच असतात हा पेशवाईतला हिशेब केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथेही मान्य झालेला दिसतो. उरलेले साडेशहाण्णव शहाणे नसतात असे मात्र नव्हे. त्यांपैकी अनेकांचे गुण होकार मिळालेल्यांइतकेच असतात आणि नेमकी तीच अडचण आहे, कारण गुणांनी निवड होत नाही म्हटल्यावर निवड कशाने होते हे शोधण्याचा उद्योग घराघरांत सुरू होतो आणि त्या उद्योगाचे पहिले फळ म्हणजे अगाऊ अर्ज.

या अर्जाच्या जाती तीन आहेत आणि त्यांच्यातला भेद कळायला सरासरी पालकाला एक उन्हाळा लागतो. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे बांधील अर्ज: तो एकाच ठिकाणी करायचा, डिसेंबरच्या मध्यास होकार आला तर तेथेच जायचे आणि बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यायचे. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न ही मंडळी या पंथाची. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये उत्तर लवकर मिळते, पण बंधन काही नाही, एम.आय.टी. हे त्याचे ठळक उदाहरण. तिसरी जात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची. तेथे होकार बांधील नसतो, मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत विचार करायची मोकळीक असते, मात्र त्या हंगामात दुसऱ्या खाजगी संस्थेकडे अगाऊ अर्ज करता येत नाही, म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम एकाच घरी आणि निरोप सावकाश कळवला तरी चालेल. घराणे फार मोठे असले की अशा अटी घालता येतात.

महाराष्ट्रातल्या पालकाला यातले निदान बांधील अर्जाचे प्रकरण परके वाटू नये. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, जिला सर्वजण ‘कॅप’ म्हणतात, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. फरक एवढाच की, कॅपमध्ये मागल्या वर्षीचा कटऑफ समोर असतो, त्यामुळे पर्सेंटाइल पाहून माणूस आपली पायरी ओळखतो, तर अमेरिकेत पायरी कोठे आहे हे पाय घसरल्यावरच समजते. दुसरा फरक सह्यांचा. बांधील अर्जासोबतच्या करारावर विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेतल्या समुपदेशकाची अशा तीन सह्या लागतात. लग्नाच्या याद्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या असतात. येथे तिन्ही सह्या वधूपक्षाच्याच, आणि वरपक्ष डिसेंबरपर्यंत फक्त वाचत बसलेला असतो.

वरपक्षाला एवढी घाई का, हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला फार समजावून सांगावे लागणार नाही. साखर कारखान्यात गाळलेल्या उसातून शेकडा किती साखर निघाली या प्रमाणाला उतारा म्हणतात आणि कारखान्याची अब्रू त्यावर ठरते. अमेरिकेतल्या प्रवेश कार्यालयाचाही असाच एक उतारा असतो: होकार दिलेल्या शंभरांपैकी प्रत्यक्षात किती आले. हार्वर्डचा उतारा ऐंशीच्या वर जातो; इतरांना तो खटपटीने वाढवावा लागतो, कारण होकार दिलेली मुले शेजारच्या कारखान्यात गेली तर वसतिगृहाच्या खाटा रिकाम्या राहतात आणि जास्त होकार दिले तर निवड सैल झाल्याचा बोभाटा होतो. बांधील अर्जातून आलेल्या मुलांचा उतारा जवळजवळ शंभर टक्के असतो. ‘यू.एस. न्यूज’ या साप्ताहिकाने १९८३ पासून महाविद्यालयांच्या क्रमवाऱ्या छापायला सुरुवात केली, त्यांत हा उताराही मोजला जाई. २००३ साली तो सूत्रातून वगळण्यात आला. पण तोवर कारखान्यांना उसाची नोंद आधीच करून घेण्याची चटक लागली होती.

ऊस देणाऱ्याला यात काय मिळते, हा प्रश्न आकड्यांचा आहे आणि अशा घरांत आकडे मुखोद्गत असतात. २०२४ च्या शरदात सुरू होणाऱ्या वर्गासाठी ब्राऊनकडे ६,२४४ बांधील अर्ज आले आणि ८९८ जणांना होकार मिळाला, म्हणजे शेकडा १४ हून थोडे अधिक. नंतरच्या नेहमीच्या फेरीसह एकूण अर्ज ४८,८८१ आणि होकार २,५२१; वजाबाकी केली तर नेहमीच्या फेरीतल्यांच्या वाट्याला शेकडा चारसुद्धा येत नाहीत. वर्ग साधारण सतराशेचा असल्यामुळे, इतर मुले नाताळच्या सुट्टीत अर्ज खरडत असतात तेव्हा अर्ध्याहून अधिक पाट मांडून झालेले असतात. ही वजाबाकी ज्या क्षणी घरातल्या कर्त्या पुरुषाला सुचते, त्या क्षणी मुलाचे ब्राऊनवर प्रेम असल्याचे निष्पन्न होते.

चौदा आणि चार यांतली तफावत ही सगळीच्या सगळी घाईची कमाई नसते हे सांगायला हवे. अगाऊ गटात महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात. जिथे वारशाला मान आहे तिथे ‘लेगसी’, म्हणजे ज्यांचे आईवडील त्याच संस्थेत शिकले ती मुलेही असतात. त्यांची पाने आधीच वाढलेली असल्यामुळे सामान्य अर्जदाराच्या वाट्याचा टक्का दिसतो त्यापेक्षा कमी असतो. तरीही फायदा मुळीच नाही असे म्हणता येत नाही. ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ साली या विषयावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला निष्कर्ष असा की, अगाऊ अर्ज करणे हे एस.ए.टी. या प्रवेश परीक्षेत सुमारे शंभर गुण अधिक मिळवण्याच्या तोडीचे आहे. त्या काळी ही परीक्षा १,६०० गुणांची होती. शंभर गुण वाढवायला वर्षभर शिकवणी लावावी लागते आणि सही करायला अर्धा मिनिट लागतो, हे गणित ज्याला कळत नाही अशा माणसाचे मूल या स्पर्धेत सहसा नसतेच.

न्यू जर्सीतील एडिसन किंवा तत्सम गावातल्या मराठी घरात सप्टेंबर महिन्यात जी तालिका तयार होते, ती अभ्यासनीय आहे. तिच्या पहिल्या रकान्यात महाविद्यालयांची नावे, दुसऱ्यात एकूण टक्का, तिसऱ्यात अगाऊ टक्का, चौथ्यात या दोहोंचे गुणोत्तर, पाचव्यात खर्च, सहाव्यात घरापासूनचे अंतर मैलांत. हा सहावा रकाना आईच्या आग्रहाने घातलेला असतो आणि तिच्या लेखी तोच निर्णायक असतो, कारण चार तासांच्या आत गाडीने डबा पोचवता येतो. ‘आवड’ हा रकाना सर्वांत शेवटी, बहुधा पडद्याच्या बाहेर गेलेला. त्यात मुलाने पाचांपैकी गुण द्यायचे असतात आणि त्याने सरसकट चार दिलेले असतात. वडील म्हणतात, “अरे, निदान दशांश तरी वापर.” मुलगा दशांश वापरतो. अंतिम क्रम गुणोत्तराच्या रकान्याप्रमाणेच लागतो, पण आता त्याला आवडीचा आधार मिळालेला असतो.

यानंतर भारतातल्या नातेवाइकांचा कौल येतो आणि तो तालिकेहून वेगळ्या तत्त्वावर चालतो. हार्वर्ड हे नाव डोंबिवलीच्या रेल्वेपुलावरसुद्धा ओळखले जाते, स्टॅनफर्डला थोडा उच्चाराचा आधार द्यावा लागतो, ब्राऊन म्हटले की आजी शांतपणे विचारते, “तो रंग झाला, कॉलेजचं नाव काय?” सर्वांत हाल ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयांचे होतात. लिबरल आर्ट्स म्हणजे एका विषयात लवकर न अडकता विज्ञान, साहित्य, तत्त्वज्ञान असे सर्वांगीण शिक्षण देणारी लहान महाविद्यालये, जी बहुधा फक्त पदवीपर्यंतच शिकवतात. मॅसॅच्युसेट्समधले विल्यम्स हे त्यांतले अग्रगण्य, १७९३ सालचे, म्हणजे सवाई माधवराव गादीवर असताना सुरू झालेले आणि आजही सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांचे, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढे. तेथे प्रवेश मिळवणे अतिशय कठीण असूनही आत्या फोनवर एकच प्रश्न विचारते, “ते कुठल्या युनिव्हर्सिटीखाली येतं रे?” या एका प्रश्नाने विल्यम्स अनेक घरांतल्या याद्यांवरून उतरलेले आहे.

पैशाचा रकाना वर घाईने उल्लेखिला, पण सगळ्या खेळाची ग्यानबाची मेख तेथे आहे. या महाविद्यालयांपैकी अनेकांचा वर्षाचा एकूण खर्च आता सुमारे ९०,००० डॉलर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या घरात गेला आहे. महाविद्यालये गरजू कुटुंबांना भरघोस मदत देतात हे खरे, परंतु कोण किती देते हे चार ठिकाणचे देकार शेजारी ठेवूनच कळते आणि बांधील अर्जदाराच्या हाती एकच देकार असतो. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येते, तरी घासाघीस करायला दुसरे दुकान उघडे नसते. साहजिकच ही पद्धत भाव न विचारता भाजी घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सोयीची ठरते. भारतातून मदत मागणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., ॲमहर्स्ट अशा थोडक्या संस्था सोडल्या तर परदेशी मुलाने मदत मागितली आहे ही बाब निवडीच्या वेळीच विचारात घेतली जाते. शिवाय बहुतेक ठिकाणी मुदतीची रात्री ११:५९ ही वेळ अर्जदाराच्या गावची धरतात, त्यामुळे पुण्यातल्या मुलाची मुदत एडिसनमधल्या चुलत भावाच्या साडेनऊ तास आधी संपते. आधीच अगाऊ, त्यात आणखी साडेनऊ तासांनी अगाऊ.

गणितज्ञांनी हा प्रश्न सोडवून ठेवल्याला साठ वर्षे उलटली आहेत. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकात महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य हे दोन विषय शेजारी बसवले. ज्या समाजात मुलीची पत्रिका आणि मुलाची गुणपत्रिका एकाच कपाटात ठेवतात, त्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्यांची रीत अशी: प्रत्येकाने आपल्या पहिल्या पसंतीला विचारावे, समोरच्याने आलेल्यांतला सर्वांत बरा तूर्त धरून ठेवावा आणि बाकीच्यांना सोडावे, सोडलेल्यांनी पुढच्या पसंतीकडे जावे, असे सर्वजण स्थिरावेपर्यंत चालू ठेवावे. या रीतीत विचारणाऱ्याने आपली खरी आवड सांगितली तर त्याचे कधीच नुकसान होत नाही, हा तिचा मोठा गुण. शॅपली यांना ॲल्विन रॉथ यांच्यासह २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेतले नवे डॉक्टर आज याच धर्तीवर रुग्णालयांना नेमून दिले जातात. ज्यांचे नाव त्या निबंधाच्या शीर्षकात होते, त्या महाविद्यालयांनी मात्र ती रीत घेतली नाही. तेथे खरी आवड सांगणे ही चैन आहे, कारण खरी आवड स्टॅनफर्ड असली तरी शहाणे मूल अगाऊ अर्ज जिथे टक्का बरा तिथे करते आणि स्टॅनफर्डचे नाव पुढे वर्षानुवर्षे घरात काढायचे नाही असा अलिखित ठराव होतो.

मोडता घालण्याचा एक प्रयत्न झाला. २००६ च्या सप्टेंबरात हार्वर्डने अगाऊ अर्ज बंद करत असल्याचे जाहीर केले, कारण ही पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्यांना आणखी पुढे ढकलते. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानेही तेच केले. मोठ्यांनी आधी ताटावरून उठायचे म्हणजे पंगत उठते, असा त्यामागचा भरवसा होता. पंगत उठली नाही. येल आणि स्टॅनफर्ड जेवत राहिले, बाकीच्यांनी तर वाढप्याला पुन्हा बोलावले, आणि उठलेल्यांचा ऊस शेजारी जाऊ लागला. २०११ च्या फेब्रुवारीत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन परत पाटावर येऊन बसले. तेव्हापासून या विषयावर नैतिक भाषण करायची पाळी पुन्हा कोणावर आलेली नाही.

अर्जाच्या शेवटच्या आठवड्याचे वर्णन मराठी घरापुरते तरी स्वतंत्रपणे करायला हवे, कारण ही मुदत दिवाळीच्या आसपास येते. २०२४ साली तर आपल्याकडच्या पंचांगांत लक्ष्मीपूजन नेमके १ नोव्हेंबरला होते. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला सोऱ्या, भाजणीची परात आणि तेलाची कढई गाठायच्या तयारीतल्या चकल्या. दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. चकल्या पाडायला कागदाचे चौकोन लागतात आणि त्या आठवड्यात घरात पाठकोऱ्या कागदाचा तुटवडा नसतो, कारण साडेसहाशे शब्दांच्या मुख्य निबंधाचे सतरा मसुदे छापून झालेले असतात. ज्या कागदावर मुलाने आपल्या आयुष्यातल्या खडतर प्रसंगातून आपण काय शिकलो हे लिहिले आहे, त्याच्या पाठीवर आई चार वेढ्यांची चकली पाडते, आणि दोन्हींत काटा नीट उठला पाहिजे याबद्दल तिचे मत सारखेच ठाम असते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागितला तो एका पत्राने, आणि त्या पत्रात सांगण्यासारखा खडतर प्रसंग शोधत बसावे लागले नव्हते. शहरी सुखवस्तू घरातल्या मुलाला तो शोधायला उन्हाळ्याची सुट्टी अपुरी पडते.

मुख्य निबंधाखेरीज ‘आमचेच महाविद्यालय का?’ हा एक छोटा निबंध पुष्कळ ठिकाणी लागतो. ‘तुमचा अगाऊ टक्का चौदा आहे’ हे त्याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही, म्हणून कारण घडवावे लागते. ब्राऊनच्या बाबतीत ते सोपे आहे: १९६९ पासून तेथे ‘ओपन करिक्युलम’ म्हणजे मुक्त अभ्यासक्रम आहे, त्यात ठरावीक विषय घेण्याची सक्ती नाही. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एडिसनपासून ठाण्यापर्यंतच्या मुलांना सक्तीने आत्मा कोमेजतो असा एकाच वेळी साक्षात्कार होतो.

डिसेंबरच्या मध्यास, मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आसपास, निकाल लागतो. होकार वा नकार यांखेरीज ‘डिफर’ नावाचे तिसरे उत्तर असते, म्हणजे आता हो नाही आणि नाहीही नाही, नेहमीच्या फेरीत पुन्हा पाहू. लग्नाच्या बोलण्यात यालाच ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात आणि त्याचा अर्थ तिथल्याप्रमाणेच लावावा. ज्यांना नकार येतो त्यांच्यासाठी जानेवारीच्या आरंभी बांधील अर्जाची दुसरी फेरी आहे. शिकागो, व्हँडरबिल्ट, एमरी, टफ्ट्स आदी संस्था ती चालवतात. म्हणजे प्रेमभंगातून सावरून, नवे प्रेम जडवून, त्यावर पुन्हा तीन सह्या करायला साधारण तीन आठवडे मिळतात. यांतले शिकागो आपल्या ‘कोअर’ अभ्यासक्रमासाठी, म्हणजे सर्वांना सक्तीच्या असलेल्या विषयांच्या भरभक्कम पायासाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरात सक्तीने कोमेजलेला आत्मा जानेवारीत शिस्तीवाचून तडफडू लागतो, आणि वेळ थोडा असल्यामुळे जुन्याच निबंधात ‘मुक्त’च्या जागी ‘पायाभूत’ आणि ब्राऊनच्या जागी शिकागो घालून अर्ज रवाना होतो. ही अदलाबदल पहिल्या दोन परिच्छेदांत सहसा नीट झालेली असते. तिसऱ्यात ब्राऊन राहून जाते. पालकांनी अर्ज पाठवण्यापूर्वी निदान तिसरा परिच्छेद एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.